ह्यातली आई कोणती?

"…पण सर, तापात मूल आईलाच हाक मारतं ना?"

यामिनीनं हे विचारलं तेव्हा परकार सर धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उकिडवे बसले होते. लुंगी गुडघ्यावर खोचलेली, हातातली काचेची बरणी गळ्यापर्यंत पाण्यात बुडवलेली. त्यांनी मान वर केली नाही.

"हळू बोल," ते म्हणाले. "येतंय."

काय येतंय ते यामिनीला दिसेना. खाडीच्या तोंडाशी भरती येऊन थांबली होती. पाणी ना आत जात होतं, ना बाहेर.

ह्याच प्रश्नानं तिची झोप उडवली होती.

इंदूला ताप भरला होता, फणफणून. यामिनी उशाशी बसून कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होती. पाच वर्षांच्या त्या पोरीनं डोळे मिटलेले असतानाच हाक मारली. "आत्या!" एकदा नाही. "आत्या… आत्या गं!" पलीकडच्या खोलीतून विजूआत्या, म्हणजे यामिनीची नणंद, केस सावरत धावत आली. पोर तिच्याकडे गेली आणि शांत झोपली.

सकाळी इंदूचा ताप उतरला. यामिनीचा उतरला नाही.

तिनं मग काय काय नाही केलं! अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर शोधलं. बाळंतपणात भेट आलेलं बालमानसशास्त्राचं पुस्तक पहिल्यांदाच उघडलं आणि त्यातल्या पहिल्याच प्रकरणात स्वतःला नापास करून घेतलं. इंदू आठ महिन्यांची असताना ती कॉलेजात शिकवायला परत गेली होती. तेव्हापासून भरवायचं सासूबाईंनी, फिरवायचं सासऱ्यांनी, आंघोळ-वेणी-गोष्टी विजूआत्यानं. यामिनीकडे उरली नखं कापणं आणि औषध पाजणं. आपण हिची आई आहोत की आरोग्यखातं, असं तिला अधूनमधून वाटायचंच. त्या रात्री निकाल लागला.

तिच्या संस्थेचं पुण्यातही एक कॉलेज होतं. तिथली जागा तिनं पूर्वी नाकारली होती. आता घ्यायची, असं तिनं ठरवून टाकलं. ती, नवरा श्रीपाद आणि इंदू. वेगळं बिऱ्हाड. आज दुपारपर्यंत प्राचार्यांना होकार कळवायचा होता. श्रीपाद "तुला योग्य वाटेल ते" म्हणाला होता, आणि त्यानंतर पानावर बसून कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. विजूआत्याला अजून कुणीच काही सांगितलं नव्हतं.

होकार देण्याआधी सरांना विचारावं म्हणून ती लेकीला घेऊन सकाळच्या गाडीनं आली होती. विचारावं, असं ती स्वतःला सांगत होती. खरं तर तिला 'बरोबर करतेयस' एवढंच ऐकायचं होतं.

परकार सर म्हणजे तिचे शिक्षक, तिच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे जुने विभागप्रमुख. बायको गेल्यावर ते धक्क्याजवळच्या वडिलोपार्जित घरात येऊन राहिले होते. लोक त्यांच्याकडे समुद्रातल्या जिवांबद्दल विचारायला येत आणि स्वतःबद्दल विचारून जात. उत्तर मिळेलच अशी हमी नव्हती.

सरांनी बरणी पाण्यातच सरळ केली, तिचं तोंड तळव्यानं झाकलं, आणि दूध उतू जाऊ नये तशी ती अलगद वर घेतली.

"आला."

"जाळं नाही टाकलंत?"

"जाळ्यात ह्याच्या चिंध्या येतात. बरणी धरायची आणि थांबायचं. त्याचा तो आत येतो… आला तर." सर गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल गो, महाडिक."

यामिनीचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती. सर अजून तिला माहेरच्याच आडनावानं हाक मारत. आज ते तिला कुठंतरी बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच अपराधीही.

पडवीत टेबलावर काळं फडकं अंथरलेलं होतं. त्यावर खाडीच्या पाण्यानं भरलेलं काचेचं पसरट भांडं. सरांनी बरणी त्यात बुडवून रिकामी केली, बाजूला एक छोटा दिवा लावला. इंदू स्टुलावर चढली, भांड्यावर वाकली.

"हात नाही हं लावायचा! डंख मारेल," यामिनी ओरडली.

"मी कुठं लावला?"

"लावशील म्हणून सांगते."

"आजोबा, ह्यात तर काहीच नाहीये."

"वरून बघितलंस की काही नसतंच," सर म्हणाले. "बाजूनं बघ. दिव्याच्या बाजूनं."

इंदूनं हनुवटी टेबलाला टेकवली. थोडा वेळ गेला.

"अय्या!"

यामिनीही वाकली. करंगळीएवढी काचेची माळ पाण्यात तरंगत होती. टोकाला मोहरीएवढा बुडबुडा. त्याच्याखाली दोन रांगांत चिमुकल्या घंटा, मिटत होत्या, उघडत होत्या. त्यांच्याखाली लालसर पोटं ओळीनं टांगलेली, आणि प्रत्येक पोटातून एकेक दोरी सोडलेली, केसाहून बारीक.

नुसतं बघत राहावं असं तिला वाटलं. ते तिनं माहितीखाली दडपलं.

"सायफोनोफोर," ती इंदूला वर्गात सांगतात तसं सांगू लागली. "दिसतो एक, पण आहेत पुष्कळ. एकाच अंड्यातून निघालेले, एकमेकांना जोडलेले. ह्या घंटा फक्त पोहतात. त्यांना तोंड नाही. ही पोटं फक्त खातात. ह्या दोऱ्या फक्त शिकार धरतात. आणि हे बारीक घोस आहेत ना, ते अंडी घालतात, बाकी काही करत नाहीत. एकानं खाल्लं की मधल्या नळीतून ते सगळ्यांना पोचतं."

"मग भांडत नाहीत?"

यामिनीनं सरांकडे पाहिलं.

"विचार, विचार," सर म्हणाले. "तुझ्या आईला ह्याच्यात सुवर्णपदक आहे."

"सर, चिडवू नका."

"चिडवत नाही. तू जिवंत कितींदा पाहिलायस?"

तिचा सगळा अभ्यास कॉलेजच्या संग्रहातल्या बाटल्यांवर झाला होता. फॉर्मॅलिनमध्ये हा जीव अखंड राहत नाही, सुटा होऊन तळाशी बसतो. तिनं घंटा मोजल्या होत्या, पोटं मापली होती, उत्तम आकृत्या काढल्या होत्या.

"आज पहिल्यांदाच," ती म्हणाली.

"जुन्या पंडितांनी ह्याच्या गोतातल्यांच्या एकेका तुकड्याला निरनिराळी नावं दिली होती. निरनिराळे प्राणी म्हणून. ते का?"

"कारण त्यांच्या हाती तुकडेच आले होते."

"हं."

सरांनी लुंगीला हात पुसले आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आता सांग. काय विचारत होतीस?"

"तापात मूल आईलाच…"

"ते नाही. त्याच्या खालचं."

यामिनीनं इंदूकडे पाहिलं. इंदू दिव्याच्या उजेडात घंटा मोजण्यात गुंग होती. तरी तिनं आवाज उतरवला.

"तिला वाढवतात सगळे. मी त्यातली एक. त्यात तिची आई कोण, हे तिला कळत असेल का?"

"आणि म्हणून पुणं."

तिनं पुण्याचं फोनवर फक्त ओझरतं सांगितलं होतं. ती चपापली.

"म्हणून पुणं," ती म्हणाली. "वेगळं झाल्याशिवाय माझी नाही व्हायची ती."

सर उठून आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चिरफाडीची बारीक कात्री होती, नखाएवढ्या पात्यांची. ती त्यांनी काळ्या फडक्यावर, तिच्या उजव्या हाताशी ठेवली.

"ह्यातली आई वेगळी काढ."

"म्हणजे?"

"सुवर्णपदक आहे ना? ह्याच्यात आई कोणती ते ओळख आणि वेगळी काढ. मग बोलू आपण."

यामिनी हसली. सर हसले नाहीत. तेव्हा तिचाही चेहरा उतरला.

"अंडी घालणारी," ती म्हणाली.

"ती खात नाही. भरवत नाही. सुटी केलीस तर उपाशी."

"मग ही पोटं. भरवणारी."

"पोहता येतं तिला?"

"नाही."

"मग तळाशी जाईल. चिखलात भरवेल, भरवलं तर."

"मग… ह्या घंटा. नेणाऱ्या आणणाऱ्या."

"तोंड नाही त्यांना. तूच सांगितलंस लेकीला."

"बुडबुडा? सगळ्यांना वर धरणारा?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

तिला राग आला. वर्गात हातात उत्तर असूनही गुण न मिळालेल्या हुशार मुलीचा तो जुना राग. "सर, पण ह्यांच्यातल्या काही जातींत शेपटाकडचा तुकडा सुटतो आणि स्वतंत्र जगतो. मजेत जगतो! वेगळं होणं म्हणजे मरणंच, असं काही नाही. हे पुस्तकात आहे."

"बरोबर आहे."

ती ह्याला तयार नव्हती.

"सुटतो," सर म्हणाले. "त्याला कात्री कोण लावतं?"

"कुणी नाही. तो तयार झाला की… आपला आपण…"

बाहेर धक्क्याला बांधलेल्या होडीची कड दगडावर घासत होती.

"काप," सर म्हणाले.

"सर…"

"तू ठरवून आलीयस. मी अडवणारा कोण? फक्त कुठं कापायचं ते मला दाखव."

यामिनीनं कात्री उचलली. विभागात सगळ्यात नाजूक हात म्हणून तिचं नाव होतं. तिनं पाती पाण्यात नेली, माळेच्या शेपटाशी.

"आई," इंदूची हनुवटी टेबलावरून उठली. "काय करतेयस?"

"काही नाही."

"कापू नको ना त्याला."

"कापत नाहीये."

"मग कात्री का घेतलीस?"

पात्याचं टोक शेपटाला लागलं. लागलं म्हणजे निसटतं, वाऱ्यानं पडदा लागावा तसं. त्याबरोबर पार पुढच्या टोकाच्या घंटा एकदम मिटल्या, दोऱ्या आखडल्या आणि सबंध माळ झपकन भांड्याच्या दुसऱ्या कडेला गेली.

इंदूनं तोंडावर हात ठेवला.

"लागलं कुणाला?" सरांनी विचारलं.

"शेपटाला," यामिनी म्हणाली.

"पळालं कोण?"

यामिनीनं कात्री फडक्यावर ठेवली. ठेवताना ती टेबलावर वाजली. त्या एवढ्याशा आवाजानं तिच्या आतलं काहीतरी सुटलं, आणि जे विचारायचं नव्हतं ते बाहेर पडलं.

"मी तिथंच होते हो, सर! उशाशी. माझा हात तिच्या कपाळावर होता. तरी तिनं मला नाही हाक मारली. दुसरं कुणी असतं तर मी समजून घेतलं असतं… नसतं घेतलं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या हाताखालून तिनं दुसरीला बोलावलं. का?"

"का?" सरांनी विचारलं.

"मी तुम्हांला विचारतेय!"

"मला काय ठाऊक? मी नव्हतो तिथं."

"मग मी कुणाला विचारू?"

सरांनी भांड्याशेजारचा दिवा जरा लांब सरकवला.

"पुस्तकात म्हटलंय की…"

"कुणी लिहिलंय? तो होता तिथं?"

"सर, थट्टा नको. माझी झोप गेलीय."

"दिसतंय." सर पहिल्यांदाच थोडे मऊ झाले. "विजूला विचारलंस?"

"तिला काय विचारू? 'तुला का बोलावलं' म्हणून? ती हसेल. ती सगळ्यालाच हसते."

"श्रीपादला?"

"तो म्हणतो, तापात पोर काहीही बरळतं."

"आणखी कुणाला?"

यामिनी आठवू लागली. मैत्रिणीला विचारलं होतं. डॉक्टरीणबाईंना आडून आडून विचारलं होतं. फोनवरच्या अनोळखी आयांना विचारलं होतं, त्यांतल्या एकीनं 'काळजी घ्या' म्हणून फुलाचं चित्रही पाठवलं होतं. विचारायचं कुणी राहिलं होतं असं तिला वाटेना.

पिशवीतला फोन घरघरू लागला. प्राचार्य. अजून दुपार व्हायची होती, पण त्यांना घाई होती. फोन थांबला, पुन्हा सुरू झाला.

सर उठले. दोन्ही हातांनी त्यांनी भांडं उचललं.

"आजोबा, कुठं नेताय?"

"ह्याला सोडून येतो, बेटा. पाणी तापलं की ह्याला सोसत नाही."

"मी येऊ?"

"तू बस. तुझ्या आईला तुझ्याशी काम आहे."

यामिनीला भीती वाटली. कात्री उचलताना वाटली नव्हती एवढी. "सर, मला नाही जमणार," ती म्हणाली. "तिनं काही भलतंच सांगितलं तर?"

सर उंबऱ्यापाशी थांबले. भांड्यातलं पाणी हलू नये म्हणून ते वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले,

"बाटल्यांतल्या मेलेल्यांना तू पुष्कळ विचारलंस, महाडिक."

आणि एकेक पायरी चाचपत धक्क्याकडे उतरून गेले.

पडवीत काळं फडकं उरलं, त्यावर कात्री, आणि विनाकारण जळणारा दिवा. इंदू स्टुलावर पाय हलवत होती. फोन घरघरायचा थांबला.

यामिनीनं खुर्ची जवळ ओढली. हसरा चेहरा करून पाहिला, तो जमेना, मग होता तसाच ठेवला.

"इंदू."

"काय?"

"तुला त्या दिवशी ताप आला होता ना. रात्री."

"हो. मी औषध थुंकले नव्हते."

"नव्हतीस थुंकली. शहाण्यासारखं घेतलंस." यामिनीनं तिचे कपाळावरचे केस मागे सारले. "तेव्हा तू आत्याला हाक मारलीस. मी जवळच होते… तरी आत्याला का मारलीस?"

इंदूनं तिच्याकडे बघितलं. तिला प्रश्न कळला नसावा, किंवा एवढ्या मोठ्या माणसाला हे कसं ठाऊक नाही ते कळलं नसावं.

"आत्याचे हात गार असतात," ती म्हणाली.

खाली धक्क्यावर पाण्यात काहीतरी अलगद ओतल्याचा आवाज झाला.

यामिनीनं स्वतःचे तळहात उलटे करून पाहिले. विचारू नये असं वाटत असतानाच तिनं विचारलं, "आणि माझे?"

इंदू स्टुलावरून खाली उतरली. पडवीच्या कडेशी जाऊन सर दिसतात का ते टाचा उंचावून बघू लागली, आणि तिकडे बघतच म्हणाली,

"तुझे गरम. ते थंडीत लागतात."